हेडसरांचं दार अडकलं त्या दिवशी

माझ्या सासूबाईंच्या पर्समध्ये तीन वस्तू कायम असतात: चष्मा, गोळ्यांची डबी आणि पाव किलोचा हातोडा. नगरपालिकेत चौतीस वर्षं त्यांनी जुन्या इमारती तपासल्या. भिंतीवर हातोड्याने टकटक करायची आणि कान द्यायचा. भिंत भरीव असेल तर खणखणीत वाजते, आतून सुटली असेल तर बद्द. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हात काही निवृत्त झाला नाही. लग्न ठरवायला त्या माझ्या माहेरी आल्या, तेव्हा बाकीचे मला बघत होते आणि या खिडकीबाहेर डोकं काढून सज्जा बघत होत्या. निघताना बाबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी उत्तम आहे. सज्जा मात्र उतरवून घ्या." बाबांना राग आला, पण मुलीचा प्रश्न, म्हणून गवंडी बोलावला. गवंड्याने पहिला घाव घातला आणि अख्खा सज्जा अंगणात! तेव्हापासून बाबा विहिणीशी बोलताना उभे राहून बोलतात.

आमच्या तीन मजली इमारतीत मात्र त्यांना अशी किंमत नव्हती. पाठीमागे सगळे त्यांना 'भूकंपकाकू' म्हणत. कोणी गच्चीत कुंड्या वाढवल्या की या ओल्या मातीचं वजन सांगायच्या. जिन्याखाली ओल दिसली की नोटीस लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या नोटिशीवर 'मांजर हरवले आहे' चिकटलेलं असायचं.

त्या रविवारी सकाळी समोरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. तिथले हेडसर आंघोळीला गेले होते आणि न्हाणीघराचं दार उघडेना. आम्ही दोघी धावलो. आतून सर अजूनही शाळेच्या मैदानात असल्यासारखे हुकूम सोडत होते. "एक, दोन, तीन म्हणतो. तीनला ढकला!" बाहेर त्यांची बायको आणि कोपऱ्यावरचा सुतार घामाघूम झाले होते.

"दार ओलीने फुगलंय," सुतार म्हणाला.

"दोन महिने पावसाचा थेंब नाही. काय खाऊन फुगलं?" सासूबाईंनी विचारलं आणि चष्मा लावला. चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे एक तिरकी भेग गेली होती. आतली वीट लालभडक, खाली ताजी भुकटी.

"ही कधीपासून आहे?"

"कालच मी तिथली जळमटं काढली," हेडसरांची बायको म्हणाली. "तेव्हा तर नव्हती."

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. धाड्. थांबून पुन्हा धाड्.

"खाली काय चाललंय?"

"तळमजल्यावरचा सलूनवाला दुकान मोठं करतोय ना," हेडसरांची बायको म्हणाली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या सुताराला म्हणाल्या, "चौकटीला हात लावू नकोस. घाव तर अजिबात नको. दाराची खालची फळी करवतीने काप आणि यांना बाहेर घे."

"खालून? मी रांगत येऊ?" आतून आवाज आला.

"रांगत या, लोळत या, पण या!" असं म्हणून त्या जिना उतरल्यासुद्धा. गुडघे दुखतात म्हणून रोज कठडा धरून उतरणारी बाई दोन-दोन पायऱ्या उतरत होती.

सलूनच्या पुढच्या भागात धंदा चालूच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू केसांना रंग थापून बसल्या होत्या. मागे प्लास्टिकच्या पडद्याआड एक कामगार घणाने खांब फोडत होता. खांबाचं एका बाजूचं काँक्रीट निघून गेलं होतं. आतल्या सळया बरगड्यांसारख्या उघड्या पडल्या होत्या, त्यातल्या दोन कापलेल्या.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "घण खाली ठेव. टाकू नकोस, ठेव."

सलूनवाला धावत आला. "काकू, घाबरू नका. नुसता शोभेचा खांब आहे. मध्ये येतो, तिसरी खुर्ची बसत नाही."

"शोभेचा आहे असं कोण म्हणालं?"

"हाच म्हणाला," त्याने कामगाराकडे बोट दाखवलं.

"मी कुठे? मला मालकच म्हणाले!"

"या शोभेवर वरचे तीन मजले बसलेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "दोघंही आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा."

मी म्हटलं, "आई, मी वर जाऊन सगळ्यांना सांगते, इमारतीला धोका आहे म्हणून."

"तसं सांगितलंस तर जिन्यात सभा भरेल." त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडल्या, "अहो, गाड्या उचलून नेतायत! खाली सगळ्यांच्या गाड्या उचलून नेतायत!"

काय सांगू! सहा वर्षांत त्यांच्या एकाही सूचनेला कोणी हललं नव्हतं. आता दोन मिनिटांत इमारत रिकामी. कोणी अर्धी दाढी केलेलं, कोणी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातलेलं. ज्यांच्याकडे गाडीच नव्हती तेही मजा बघायला उतरले. केसांना रंग लावलेल्या काकू तेवढ्या हलेनात.

"अजून वीस मिनिटं ठेवायचाय."

"बाहेर उन्हात लवकर चढतो," म्हणत सासूबाईंनी त्यांना खुर्चीतून उठवलं.

सर्वांत शेवटी हेडसर आले. दाराच्या खालच्या भोकातून ते पंचा सावरत कसे निघाले ते फक्त सुताराने पाहिलं आणि त्या भल्या माणसाने ते फक्त तीस-चाळीस जणांनाच सांगितलं.

सासूबाईंनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि दोन फोन लावले, एक अग्निशमन दलाला, दुसरा नगरपालिकेतल्या इंजिनिअरला. तो पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेला. तासाभरात शेजारच्या बांधकामावरून लोखंडी टेकू आले आणि त्याची माणसं ते तुळईखाली एकेक करून घट्ट बसवू लागली.

दुपार झाली. ऊन वाढलं तशी कुरकुरही वाढली. अर्ध्या दाढीवाले पुढे आले. "काय हो काकू, तीन तास झाले. पडली तर नाही?"

"नाही पडली," सासूबाई म्हणाल्या. "वाईट वाटतंय का तुम्हाला?"

इंजिनिअर हात झटकत बाहेर आला. "मॅडम, तुळई अकरा मिलिमीटर खाली बसलीय. तो खांब आज पूर्ण काढला असता तर..." अर्ध्या दाढीवाल्यांनी नकळत गालावरून हात फिरवला आणि ते मागे सरकले.

कोणीतरी चहा आणला. सासूबाईंनी कप तसाच माझ्याकडे दिला. रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका इमारतीला मी धोक्याची नोटीस लावली होती. नोटीस लावली आणि घरी येऊन जेवले. लोक राहत होतेच गं आत, ती पडली तेव्हा."

तेवीस दिवस आम्ही सगळे नातेवाइकांकडे पांगलो. खांबाभोवती नव्या सळया बांधून नवं काँक्रीट ओतलं. आता तो आधीपेक्षा जाड आहे आणि सलूनवाल्याने त्याला चारी बाजूंनी आरसे लावून टाकलेत. परत आल्यावर रहिवाशांनी एकमताने ठरवलं की घराघराची तपासणी करायची. सासूबाई इंजिनिअरला घेऊन निघाल्या. लोकांनी परीक्षेला बसल्यासारखी घरं आवरली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर कुंड्या पलंगाखाली लपवल्या होत्या. त्याही सापडल्या.

सगळ्यात शेवटी आमच्या स्वयंपाकघराची पाळी आली. इंजिनिअरने वर माळ्याकडे पाहिलं. तिथे पितळेची पातेली, हंडे, पराती, बंब, सगळं छताला टेकलेलं.

"मॅडम," तो जपून म्हणाला, "हा माळा बराच वाकलाय. हे सगळं उतरवावं लागेल."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे आला.

"ती माझ्या सासूबाईंची भांडी आहेत," त्या म्हणाल्या. "तू पुढचं घर बघ."

"हे शेवटचंच घर आहे, मॅडम."

मी शिडी आणायला गेले.