पाषाण तलावाकाठी डबलसीट

मंडळी, आज सकाळी आम्ही दोघं निवृत्त नवरा-बायको पाषाण तलावाकाठी सायकलवर डबलसीट फिरत होतो. गार वारा, पाण्यावर बदकं, मी मजेत कॅरिअरवर.

वळणावर खाकी कपड्यातला माणूस दिसला आणि मी टुणकन उतरले! आमच्या तरुणपणी डबलसीट दिसलं की पोलीस पकडायचे ना, ती सवय. हेही मागे न बघता पुढे गेले आणि झाडाआड साळसूद चेहऱ्यानं थांबले. अगदी तेव्हासारखे.

तो निघाला तलावाचा रखवालदार. हसून म्हणाला, "अहो आजी, उतरलात कशाला? बसा की!"

बसले. पुढे चढ लागला. हे धापा टाकत म्हणाले, "आता एखादा खरा पोलीस भेटला तर बरं होईल."

सांगा, उद्या ह्यांनाच मागे बसवू का?