बुजवू नका, कळवा

सुनंदाताई चहाला कधी बसल्या नाहीत. कप हातात घेऊन आमच्या अंगणभर फिरायच्या आणि जिथे ओल दिसेल तिथे वाकून बघायच्या.

त्या पेणला रामवाडीत खोली घेऊन राहायच्या आणि गडबपासून रोह्यापर्यंत बांधाबांधाने हिंडायच्या. बिळात राहणारा, जांभळ्या नांग्यांचा एक मुठा त्यांना शोधायचा होता. त्यांच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी तो खेकडा याच भागात पाहिला होता, नंतर कोणालाच दिसला नव्हता. शेतांवर मातीचा भराव पडत चालला होता, म्हणून त्यांची घाई. दुकानात, गिरणीत, एसटीत भेटेल त्याला सांगायच्या, "दिसला तर बुजवू नका, कळवा."

"कळवू की ताय, कालवण झाल्यावर," गिरणीवाला म्हणायचा.

"आधी कळवा. मग कालवणाला मीच येते."

पण अडचण कालवणाची नव्हतीच. मुठ्याचं बीळ म्हणजे बांधाला भोक. खाचरातलं पाणी त्यातून निघून जातं. बीळ दिसलं की शेतकरी आधी चिखल दाबतो.

लावणी झाली आणि आमच्याच बांधात मला जांभळी नांगी दिसली. सासरे चिखलाचा गोळा घेऊन वाकले होते. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "थांबा," म्हटलं.

ते बघतच राहिले. "पाणी चाललाय गो."

"ताईंना येऊ द्या."

माझ्या मालकांनी ताईंना फोन लावला. सासरे बांधावर येरझाऱ्या घालत राहिले, मी उतरत्या पाण्याकडे बघत राहिले. रोपं कलंडायला लागली होती. ताई धावतच आल्या आणि कपड्यांसकट चिखलात आडव्या झाल्या. बराच वेळ हलल्या नाहीत.

"हा तो नाही," उठून म्हणाल्या. "बुजवा आता, बाबा."

सासरे तोंडातल्या तोंडात पुटपुटले. ताई मला म्हणाल्या, "कळवलंस, हे फार झालं." आणि तशाच चिखलाच्या पायांनी रोह्याच्या एसटीला पळाल्या. तिकडेही कोणाला बीळ दिसलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात सासऱ्यांनीच बांधावरून हाक मारली, "बघ गो, तुझ्या तायचा हाय काय?" तेव्हापासून दर वर्षी ते गोळा हातात धरून थांबतात आणि मी वाकून बघते.

ताई आजारपणात गेल्या, हे मला रोह्याच्या बाजारात कळलं. घरी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर सासरे थांबणार नाहीत.