सोमण सरांचं फंक्शन

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आधीच सांगते, म्हणजे कुणी लिंबू-मिरच्यांचे सल्ले द्यायला नकोत! मी नोएडात प्रोग्रामर आहे. आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांत तान्ह्या बाळांच्या औषधाचा डोस दाखवतं.

ते मूळ लिहिलं सोमण सरांनी. सरांची एक खोड... प्रोग्रामिंगच्या भाषेतलं तयार फंक्शन, म्हणजे एखादं छोटं काम करणारा कोडचा तुकडा, कधी सरळ वापरायचे नाहीत. त्याभोवती स्वतःचं फंक्शन गुंडाळून लांबलचक नाव द्यायचे. वर आम्हाला म्हणायचे, "मोठ्याने वाचून दाखव. अडखळलीस तर कोड चुकलाय." दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला आणि वाचाच गेली.

त्या दुपारी पावणेदोनला मी कोडची साफसफाई काढली. एका फंक्शनचं नाव – 'बाळाचा डोस जपून राउंड कर'. म्हटलं, यार, आकडा पूर्णांकात आणणाऱ्या साध्या राउंडला एवढं कीर्तन कशाला? आत न बघताच उडवलं आणि तयार राउंड टाकलं. टेस्ट पास. दोनला रिलीज.

सव्वादोनला हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन. "मॅडम, झटके वाले बच्चे का डोस ज़ीरो दिखा रहा है. आधा एमएल है ना?"

मी उडवलेलं फंक्शन उघडून पाहिलं. आमच्या प्रोग्रामिंग भाषेतलं तयार राउंड नेमक्या अर्ध्याचा एक नाही, शून्य करतं. सरांचं फंक्शन एकाखालचे डोस जसेच्या तसे ठेवायचं.

"दिया नहीं?"

"दे दिया, डॉक्टर की पर्ची देखके. आपके सर ने फ़ोन पे बोला था ना."

"कौन से सर?"

"नाम नहीं बताया. मराठी टोन था. बोले, दो बजे के बाद स्क्रीन मत देखना, पर्ची ज़ोर से पढ़के सुनाओ. दो बार पढ़वाया."

"कब?"

"डेढ़ बजे."

दीडला मी कँटीनमध्ये राजमा-चावल खात होते. ती फाइल उघडलीही नव्हती!

जुनं फंक्शन परत टाकलं. ऑफिसमध्ये सगळ्यांना विचारलं – कुणीच फोन केला नव्हता. तडक दिल्लीतल्या द्वारकेला सरांच्या घरी गेले.

"काकू, सर आज कुणाशी बोलले का हो?"

"काय विचारतेस, शलाका! दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही. आज तर दुपारी ताटही सरकवलं, घामाघूम झाले नुसते."

बाळ आठवड्याने सुखरूप घरी गेलं. त्या फोनचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी सरांसमोर रडत उभी होते. "सर... तुम्हीच ना?"

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मान हलवली नाही. किती वेळ सोडेचनात.