जर्मनीला निघालेला हिरडा

ज्या ऑफिसात कामाची रीघ असते तिथं किस्से घडायला कुणाला सवड नसते. आमच्या ऑफिसात ते ढिगानं घडले, त्यावरून काय ते ओळखा! अजूनही दोन जुनी माणसं भेटली आणि चहा पुढ्यात आला की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, त्या जर्मनीच्या ऑफिसचं सांगा." मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मला मात्र हल्ली सांगताना हसू येत नाही, चीड येते. पण एकदा तोंड उघडलं की थांबवतही नाही.

तर राज्य नवंनवं झालेलं. सगळ्यांनाच काहीतरी करून दाखवायची घाई. सरकारनं थेट जर्मनीत व्यापार कचेरी उघडली. आपला माल तिकडं खपवायचा आणि तिकडचे कारखानदार इकडं आणायचे, असा बेत. आता तिकडं दाखवायला माल तर पाहिजे, म्हणून नमुने गोळा करणारी छोटी ऑफिसं निघाली. आमच्या कुलाबा जिल्ह्यातलं आलं महाडला. पेठेत तांदळाच्या वखारीवरची एक खोली, दोन टेबलं, एक पंखा. माणसंही दोनच. एक कर्णिकसाहेब, मुंबईचे, आणि दुसरा मी, महाडचाच, कारकून. पंखा साहेबांच्या डोक्यावर होता.

* * *

पाटी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बिरवाडीची एक म्हातारी जिना चढून वर आली. हातात पितळेचा डबा. तिचा मुलगा बोटीवर खलाशी. बोट परदेशी, आमचं ऑफिसही परदेशी, तेव्हा हा लाडवांचा डबा त्याला पोचवा, असं तिचं साधं म्हणणं.

साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. निर्यात, परकीय चलन, राज्याची औद्योगिक प्रगती, काही म्हणून सोडलं नाही. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डबा उचलत म्हणाली, "मंग तुमी धाडता तरी काय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. तो डबा ठेवून घ्यायला हवा होता, असं मला पुढं फार वेळा वाटलं. निदान काहीतरी धाडलं असतं.

* * *

आम्ही काही धाडायच्या आधी जर्मनीच्या कचेरीनंच आम्हाला धाडलं. भलंमोठं पार्सल. आत गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग. तिकडचा कुठला तरी कारखानदार इकडं यायला तयार होता, त्याच्या मालाची चित्रं. साहेब हरखून गेले. पेठेतल्या व्यापाऱ्यांची सभा बोलावली, प्रत्येकाच्या हातात एकेक कॅटलॉग दिला.

थंडीत खोली गरम करायच्या शेगड्या होत्या त्या. आणि दिवस कुठले, तर मे महिन्याचे. महाडचा मे ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. नदी आटलेली, वरून पत्रे तापलेले, सभेला आलेले लोक त्या कॅटलॉगनंच वारा घेत होते. साहेब घाम पुसत शेगडीचे गुण सांगत होते. शेवटी तांदळाचे एक म्हातारे व्यापारी अदबीनं उठले. त्यांनी विचारलं, हे यंत्र उलटं चालवता येतं का?

मी खाली मान घालून बसलो. साहेब म्हणाले, विचारून कळवतो. आणि खरंच विचारलं हो त्यांनी!

* * *

पुढच्या हंगामात धोंडिबा आला, आणि तिथून पुढं हे सगळं हसण्यासारखं राहिलं नाही.

धोंडिबा पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. धोतराच्या सोग्यात हिरडा बांधून आणला होता. हिरड्याची झाडं तिकडं घरटी दोनचार असतात. फळ वेचायचं, वाळवायचं आणि डोक्यावर पोतं घेऊन खाली पेठेत आणायचं. कातडं कमवायला तो लागतो, पार परदेशात जातो, पण वाडीला त्यातलं काही दिसत नसे. व्यापारी म्हणेल तो भाव.

धोंडिबानं सोगा टेबलावर मोकळा केला आणि घरची गोष्ट सांगितली. थोरला मुलगा मुंबईला गिरणीत गेला, खोकला घेऊन परत आला, आणि पुढच्या शिमग्याला तो नव्हता. आता धाकटा शंकर विशीचा झाला होता. त्याच्या मामानं गिरणीत वशिला लावला होता. ट्रंकही घेऊन झाली होती.

"साहेब," धोंडिबा म्हणाला, "ह्यो हिरडा परदेशात गेला ना, तर माजा शंकर घरला ऱ्हाईल. त्यो बोललाय मला तसं."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्णिकसाहेब वाईट माणूस नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. वाईट असता तर त्यानं धोंडिबाला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं आणि बिचाऱ्याचं भलं झालं असतं. साहेब उठले, धोंडिबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, यंदा व्यापाऱ्याला एक फळ देऊ नका, तुमच्या वाडीचा सगळा हिरडा जर्मनीला जाईल.

धोंडिबानं वाडीत जाऊन सांगितलं. वाडीनं व्यापाऱ्याला नाही म्हणून टाकलं. शंकरनं ट्रंक माळ्यावर चढवली.

* * *

मग साहेबांनी कुठंतरी वाचलं की परदेशी माल एकसारखा लागतो. झालं! प्रत्येक फळ एका मापाचं पाहिजे, असा हुकूम वाडीला गेला.

वाडीत माप कुठलं? धोंडिबाच्या बायकोनं, पारूबाईनं, एका तान्ह्या पोरीच्या हातातली बांगडी उतरवून घेतली. बांगडीतून जाईल तो हिरडा एका बाजूला, अडकेल तो दुसऱ्या बाजूला. जवळजवळ महिनाभर वाडीतल्या सगळ्या बायका अंगणात बसून एकेक फळ त्या बांगडीतून घालत होत्या. मी स्वतः वर जाऊन बघून आलो. बोटं काळी पडली होती त्यांची.

मी खाली आलो आणि पेठेतल्या व्यापाऱ्याला सहज विचारलं, तिकडं कारखान्यात एकसारख्या हिरड्याचं करतात तरी काय?

तो म्हणाला, "दळतात."

* * *

होळीच्या सुमारास खरोखरचा जर्मन पाहुणा आला. कातड्याच्या कारखान्याचा माणूस, उंच, लालबुंद, स्वभावानं अगदी गरीब. सकाळी महाड, दुपारी पोलादपूरला हिरडा बघायचा आणि रात्री परत, असा कार्यक्रम होता. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ वाडीची माणसं हिरडा घेऊन थांबणार होती.

पण पाहुणा महाडात आला आणि त्याला आंघोळ घातली नाही, जेवू घातलं नाही, असं कसं चालेल? साहेबांनी त्याला आधी सव गावाला नेला, उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडावर. त्या पाण्यात तो गडी असा काही रमला की बाहेर येईना. मग एका व्यापाऱ्याकडे पुरणपोळीचं जेवण. ते दुसऱ्या व्यापाऱ्याच्या कानावर गेलं, तो रुसला, म्हणून त्याच्याकडे पुन्हा जेवण. नाही म्हणायचं तर यजमानाचा अपमान, हे पाहुण्याला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं. दुसऱ्या घरी त्यानं तूप रिचवलं आणि तिथंच तक्क्याला टेकून झोपला. उठला तेव्हा दिवस कलला होता, मुंबईची गाडी दारात. निघता निघता म्हणाला, एक पोतं नमुन्याला पाठवा, कारखान्यात कसाला उतरलं तर तुमच्या खोऱ्याचा सगळा हिरडा मी घेतो.

हे सांगायला साहेबांनी मला पोलादपूरला पिटाळलं. अख्खी वाडी तिथं सकाळपासून बसली होती. ढोल, ताशा, आंब्याच्या डहाळ्या. पांढऱ्या धोतरावर हिरड्याची रास घातलेली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून उन्हात बसलेल्या. मी सांगितलं की पाहुणा येत नाही. का, ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धोंडिबानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पाव्हना जेवला का पोटभर?"

जेवला म्हणालो.

"मंग ठीक हाय," म्हणाला, आणि रास पोत्यात भरायला लागला.

* * *

नमुन्याचं पोतं वाडीतच भरलं, वाडीतच शिवलं आणि वाजतगाजत महाडला आणलं. धोंडिबा पुढं, शंकरच्या खांद्यावर पोतं, मागं पारूबाई आणि चारदोन बायका. पोत्याला कुंकवाची बोटं लावलेली. एस.टी.च्या टपावर ते चढवलं तेव्हा पारूबाईनं डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी मूठ वळून भाषण केलं. ते पोतं मुंबईला गेलं, तिथून बोटीनं जर्मनीला गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो. वाडीतला बाकीचा सगळा हिरडा माळ्यांवर होता. व्यापाऱ्याचा माणूस तोवर दोनदा वर येऊन रिकामा परत गेला होता.

निकाल साहेबांनी मुंबईहून आणला, पावसाळा तोंडावर असताना. चेहरा पडलेला. माल नापास! तिकडं त्या हिरड्यात कातडं भिजवलं तर ते पिवळंधमक निघालं, त्यावर तांबडे डाग. वर मालात तांदूळ सापडले, सुपारी सापडली. कारखान्यानं कळवलं होतं की ही उघड भेसळ आहे, आणि अशा लोकांशी आम्हाला व्यवहार नको.

धोंडिबा आणि पारूबाई दोघांना बोलावून घेतलं. साहेबांचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मालात काय मिसळलंत, असं त्यांनी विचारलं. धोंडिबाला काहीच कळेना. तो बायकोकडे बघायला लागला.

पारूबाई बोलली. "मिसळलं काय नाय साहेब. पोतं शिवायच्या आधी ओटी भरली. तांदूळ, हळकुंडं, सुपारी, हळदीकुंकू. लेक एवढी लांब चालली, तिला काय मोकळ्या ओटीनं धाडायची?"

 साहेब मटकन खुर्चीत बसले. वाडीतल्या घराघरातून मूठमूठ हळद आली होती म्हणे, कुणाचीच ओटी मागं राहायला नको म्हणून.

साहेबांनी मग जर्मनीच्या कचेरीला खुलासा करायचं ठरवलं. पण ओटीला इंग्रजीत काय म्हणायचं इथंच गाडी अडली. कसाबसा खुलासा गेला, तोवर त्या कारखान्यानं दुसरीकडचा हिरडा उचलला होता. इकडं पाऊस धो धो. माळ्यावरच्या हिरड्याला बुरशी धरली. धोंडिबानं एक पोतं पेठेत आणून बघितलं, व्यापाऱ्यानं ते सोडायलाही लावलं नाही. परत जाताना त्यानं ते गटाराच्या कडेला उलटं केलं आणि रिकामं पोतं डोक्यावर घेऊन भिजत गेला.

* * *

कर्णिकसाहेबांना त्या दिवसांत जेवण जात नव्हतं. आमच्या ऑफिसात शिपायाची एक जागा मंजूर होती, कामच नाही म्हणून ती भरलेली नव्हती. साहेबांनी मुंबईला खेटे घातले आणि त्या जागेवर शंकरला लावला.

खाकी कपडे घालून पोरगा जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसायचा. शनिवारी दुपारी डोंगर चढून घरी, सोमवारी सकाळी हजर. धोंडिबा एकदा भलामोठा भोपळा घेऊन आला आणि साहेबांच्या पायावर डोकं ठेवायला लागला. साहेबांनी त्याला वरच्यावर धरलं. मी मनात म्हटलं, चला, सरकारच्या हातून चुकून का होईना एक बरं काम झालं.

पुढच्या दिवाळीनंतर वरून हुकूम आला. महाडचं ऑफिस बंद. सामान आणि माणसं मुंबईच्या ऑफिसात जमा.

मी गावचा माणूस, मी इथंच एका वखारीत नोकरी धरली. शंकरला असं इथं कोण ठेवून घेणार? त्याला तर मुंबईची ओढ आधीपासूनच होती, आणि आता तर वशिल्याशिवाय जायला मिळत होतं.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. टेबलं, पंखा आणि पाटी टपावर चढली. शंकर ट्रंक घेऊन आत खिडकीशी बसला, केसांना तेल लावून, खुशीत. धोंडिबा एकटाच आला होता. पारूबाई डोंगरावरून उतरलीच नाही. साहेब धोंडिबाला समजावत होते की ही गिरणी नाही, सरकारी नोकरी आहे, सावलीतलं काम आहे, मी स्वतः लक्ष ठेवीन. धोंडिबा मान हलवत होता.

ड्रायव्हर चढला तसं धोंडिबानं एकदम विचारलं, "साहेब, तो आमचा हिरडा. नापास झाला त्यो. कदी येल परत?"

"परत?" साहेब म्हणाले. "नापास झालेला माल कोण परत पाठवतो, धोंडिबा? तो तिकडंच टाकून देतात."

 धोंडिबा गाडीला वळसा घालून खिडकीशी गेला आणि गजांना धरून म्हणाला, "शंकर, खाली उतर रे."

शंकर हसला. त्याला वाटलं, बाप गंमत करतोय. कंडक्टरनं घंटी मारली.