टँकर रोज येतो

ज्या गावात पेपर एकच आणि ऐकणारे चाळीस, तिथं किस्से साठत जातात. बहात्तरच्या दुष्काळातले माझ्याकडचे बहुतेक किस्से माझ्याच फजितीचे आहेत.

आमचं गाव हसनाबादच्या पलीकडं. कालचा पेपर आज दुपारच्या एसटीनं यायचा आणि चावडीवर तो मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं होतं, कारण गावात बी. ए. झालेली मी एकटीच. प्रत्येक बातमीमागं सरकारचा डाव काय, हे मी बातमीच्या आधीच सांगायचे. माझे चुलत आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, एकदा म्हणाले, "बाई, आधी काय छापलंय ते तर वाच. तुझं मत घरी रोजच ऐकून राह्यलो."

* * *

आबांचा रेडिओवर फार विश्वास. एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, टंचाईवर मात झाली. आबा तेव्हा अर्ध्या तांब्यात तोंड, हात आणि पाय धूत होते.

"रेडिओ सरकारचा आहे आबा, तो सरकारचंच बोलणार," मी म्हणाले.

"बराबर. आन् तुझं कॉलेज कुणाच्या ग्रँटवर चालत व्हतं?"

मी विषय बदलला.

* * *

मग परदेशी अक्षरांच्या पोत्यांतून दूधभुकटी आली. कुठल्या तरी जागतिक संस्थेनं पाठवलेली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांपुढं मी अर्धा तास बोलले. श्रीमंत देश मदत करतात ती आपल्याला मिंधं ठेवायला, वगैरे. बौद्धवाड्यातल्या गयाबाई मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"समदं पटलं," त्या म्हणाल्या. "फकस्त भुकटी कालवायला पाणी बी त्यांनीच धाडायला पाहिजे व्हतं. आन् पोरी, तोंड पूस."

भाषणाआधी मी त्याच भुकटीच्या दुधाचे दोन पेले प्यायले होते. वरच्या ओठावर पांढरी मिशी घेऊन मी अर्धा तास स्वावलंबन शिकवत होते.

* * *

पाण्याचंच खरं दुखणं होतं. विहीर आटली होती. टँकर आठवड्यातून एकदा आला तर आला. बाया दोन कोसांवर नदीत झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. आणि पेपरात काय, तर आमच्या गावाला रोज टँकर! आम्ही अर्ज केला की उत्तर यायचं, आपल्याकडं रोज टँकर चालू आहे.

मी पेटले. संपादकांना चार पानी पत्र लिहिलं. आठवड्यानं दोन ओळी छापून आल्या : गावातील सुशिक्षित तरुणीने टँकरच्या व्यवस्थेबद्दल समाधान व्यक्त केले. आणि ती बातमी चावडीवर वाचायचीही मीच!

दुसऱ्या दिवशी नदीकडं निघाले तर ओट्यावरून आबा विचारतात, "समाधान झालं न्हवं? मंग घागर घेऊन कुठं निघाली?"

* * *

शेवटी त्याच जागतिक संस्थेचा एक गोरा साहेब पाहणीला आला. सोबत आमच्या अर्जांना उत्तरं धाडणारे टंचाईचे साहेब आणि त्या दिवसापुरता, काठोकाठ भरलेला टँकर. दुभाषी म्हणून मला उभं केलं. मी आदल्या दिवशी सगळ्या बायांना बजावलं होतं, खरं काय ते तोंडावर सांगायचं, भ्यायचं नाही.

गोऱ्या साहेबानं गयाबाईंना विचारलं, "टँकर कधी येतो?"

"रोज येतो," गयाबाई म्हणाल्या. "सकाळी आठला."

टंचाईचे साहेब खुलले. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, खोटं मी सांगणार नाही."

"तुला खरंखोटं कुणी इचारलं? म्या बोलले तेवढं त्याला सांग."

सांगितलं. गोऱ्या साहेबानं वहीत लिहून घेतलं.

"आता त्याला म्हणाव, उद्या आठला येऊन सोताच्या डोळ्यांनी बघ. परवाबी ये. आमच्याकडं मुक्काम कर, भाकर आम्ही घालू."

तेही सांगितलं. गोरा साहेब हसला, मान डोलावली आणि जीपमधून आपली वळकटी काढायला गेला.

टंचाईचे साहेब हळूच टँकरच्या ड्रायव्हरजवळ सरकले आणि विचारू लागले, "का हो, इथं सकाळी आठला पोचायचं म्हणजे तिकडून किती वाजता निघावं लागेल?"