मोठेबाबांच्या बेडक्या

बेडकाला माणसापेक्षा जास्त अदबीने वागवणारा गृहस्थ अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि तो आमच्या घरात झाला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, आणि महाल भागातल्या आमच्या घरामागे, बदामाच्या झाडाखालच्या सिमेंटच्या टाक्यात त्यांनी चार बेडक्या पाळल्या. अंगठ्याएवढ्या, करड्या, जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या. अंग सैल सोडून, नुसते डोळे वर ठेवून त्या तासन् तास तरंगायच्या, आणि काठावरच्या स्टुलावर मोठेबाबाही जवळजवळ तसेच. दुपारी पानांतून उन्हाचे कवडसे पाण्यावर पडत, पाण्यावरून भिंतीवर जात, भिंतीवरून मोठेबाबांच्या टकलावर, आणि ते बघता बघता मलाही डुलकी लागायची.

या दरबाराचे नियम मात्र कडक होते. नळाचं पाणी थेट टाक्यात घालायचं नाही, ते आधी दिवसभर बादलीत ठेवायचं. मी एकदा ओतायला गेलो तर म्हणाले, "काहून घाई करून राहिला गा? आत्ताच आलं ते नळातून. निजू दे थोडं त्याले." टाक्याजवळ साबण न्यायचा नाही. एकादशीला बेडक्यांना उपास, कारण रोज खाऊन त्यांची पोटं सुटतात. स्वतः मोठेबाबा त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर आडवा हात मारीत. बेडक्यांचं जेवण दिवेलागणीला. हलतं तेवढंच अन्न बेडकीला दिसतं, निपचित पडलेल्या पक्वान्नाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. म्हणून जिवंत अळ्या हव्यात; त्या नसल्या तर केरसुणीच्या काडीला दोरा बांधायचा, दोऱ्याला गांडुळाचा तुकडा, आणि तो पाण्यावर हळूहळू नाचवायचा. अळ्यांसाठी मोठेबाबा ओळखीच्या घरी जाऊन सरळ विचारीत, "तुमच्या तांदळाले अळी लागली काय वं?" महालातल्या बायकांना सवय झाली होती. धान्य निवडताना त्या अळ्या डबीत घालून ठेवायच्या.

एका मे महिन्यात मला लकडगंजातली मुलगी सांगून आली. वडील धान्याचे ठोक व्यापारी. बोलणी घरातल्या थोरल्याने करायची, म्हणून मोठेबाबा पुढे. पण उन्हाने किडामुंगीसुद्धा करपली होती, गांडुळं मातीत खोल गेली होती, बायकांच्या डब्याही रिकाम्या होत्या, बेडक्या तीन दिवस उपाशी होत्या आणि मोठेबाबांचा जीव टाक्यात अडकलेला. निघताना मी बजावलं, "तिथं बेडकांचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत गा. शब्द देतो तुले."

मुलगी पोहे घेऊन आली. बशी देताना चमचा खाली पडला, आणि लाजायचं सोडून ती खुदकन हसली. माझं तिथेच ठरलं, लग्न करीन तर हिच्याशीच. बोलणी छान चालली होती. तेवढ्यात मोठेबाबा अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या गोदामातल्या तांदळात अळ्या चिक्कार असतीन, नाही? चांगल्या जिवंत पायजे होत्या."

"आमच्या मालात अळ्या?" मुलीचे वडील उभेच राहिले. "कोण सांगते तुमाले? आन् तुमाले कायले पायजे?"

मोठेबाबांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. कारण सांगायचं तर बेडकांचं नाव काढावं लागलं असतं. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळे हसले असते, ती तर नक्कीच. पण मला बेडक्यांची लाज वाटली. मी बशीतले शेंगदाणे मोजल्यासारखं करीत खाली बघत बसलो.

नकार आला. मी मोठेबाबांशी बोलणं टाकलं. भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते एकटेच लकडगंजला जाऊन आले, हे मला नंतर आईकडून कळलं. त्यांनी सगळं सांगितलं, हात जोडले. मुलीच्या वडिलांनी माठातलं पाणी दिलं, हसलेही म्हणे. पण तोवर त्यांनी कामठीच्या स्थळाला होकार कळवला होता.

हे कळलं त्या संध्याकाळी मी मागे गेलो. मोठेबाबा स्टुलावर बसून पाण्यावर काडी नाचवत होते. काडीला दोरा नव्हता आणि टाक्यात बेडक्याही नव्हत्या.

"तो शुक्रवारी तलाव हाये ना, त्याच्यात सोडून आलो," ते म्हणाले. "तुह्या लग्नाच्या आड येऊन राहिल्या होत्या."

मी म्हटलं, "चूक माझी होती, मोठेबाबा. मी बोलायला पाहिजे होतं. चला, परत आणू त्यांना."

"एवढ्या मोठ्या तलावात वळखू येतीन काय त्या आता?" त्यांची काडी हलतच होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मुलगी चांगली, घर चांगलं, माझी काही तक्रार नाही. मांडवात मोठेबाबा मानाच्या जागी फेटा बांधून बसले होते. मुलीकडचे येत, नमस्कार करीत, तब्येत विचारीत. हे नुसती मान हलवीत. सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. शेवटी पंगतीच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "बोला ना हो काहीतरी."

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी कुजबुजले, "अक्षता पडल्या ना गा? मंग आता बोललो तं चालते काय?"

मी हो म्हटलं. त्यांनी बराच वेळ विचार केला, आणि काहीच बोलले नाहीत.