बैलांपुढचे ठराव

आमच्या थोरल्या मामांइतका बोलका माणूस सबंध बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ऐकायला कुणी नसलं तरी त्यांचं काही अडत नसे. गावच्या दूध संस्थेचे ते सचिव, त्यामुळे सगळं जगच त्यांना सभेसारखं दिसे. जेवायला बसताना ‘कोरम झाला का?’ असं विचारत आणि भाजीत मीठ कमी असलं तर तसा ठराव मांडत. मामींनी पळी आपटली की तो मागेही घेत. वडवणीच्या बाजारात एकदा त्यांनी वांगीवालीशी इतकी घासाघीस केली की ती म्हणाली, ‘दादा, फुकट न्या, पण गप बसा!’ मामा वांगी न घेताच परतले. ‘चर्चाच बंद केली बाईनं,’ ही त्यांची तक्रार.

मी नेमका उलटा. त्या दुष्काळात आईवडील ऊसतोडीला गेले आणि मी आमच्याच आळीत मामांकडे राहिलो, तेव्हा पंधराएक वर्षांचा असेन. शाळेत ‘हजर’ म्हणायलाही तोंड उघडत नसे. वर्गात बसूनही माझी गैरहजेरी लागे. मामांनी हे मनावर घेतलं. रोज संध्याकाळी चारा छावणीत नेऊन मला बैलांपुढे उभं करत आणि स्वतः लांब जाऊन ओरडत, ‘या बैलाला दोन शिंगं असावीत, असा ठराव मांडतो!’ मी म्हणायचं, ‘माझं अनुमोदन आहे!’ आवाज पोचला नाही की तोच ठराव पुन्हा. ‘कावून लाजतो बे? बैल काय नावं ठेवतेत का?’ हळूहळू आवाज पोचू लागला. छावणीतली माणसं पोट धरून हसत; बैल मात्र शेवटपर्यंत गंभीर राहिले.

मामांना त्यांचं तोंडच नडलं. ‘गावात आता पाणी फकस्त चेअरमनसायबाच्या दुधात हाय,’ असं ते भर चौकात बोलले. चेअरमननी विशेष सभा बोलावली. वडील संस्थेचे सभासद, पण ते ऊसतोडीवर; त्यांच्या जागी मी जाऊन बसलो. ‘सचिवांना कामावरून कमी करावं, असा ठराव मांडतो,’ चेअरमन म्हणाले. अनुमोदन द्यायला कुणी उठेना; सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर ठराव पडला असता आणि मामांची नोकरी वाचली असती. पण ‘ठराव मांडतो’ हे शब्द कानावर पडले आणि मी ताडकन उभा राहून ओरडलो, ‘माझं अनुमोदन आहे!’

एकदा अनुमोदन मिळाल्यावर हात वर करायला कुणालाच अडचण नव्हती.

मामांनी रागाच्या भरात राजीनामा दिला, असं गाव आजही सांगतं. ते खरं नाही. मी जन्मजात वक्ता, हेही खरं नाही. पुढं मी स्वतः संस्थेवर निवडून आलो, पुष्कळ भाषणं ठोकली आणि या दोन्ही खोट्या गोष्टी तशाच चालू दिल्या.

त्या सभेत हात वर जायच्या आधी शेजारचे एक म्हातारे मामांच्या कानाला लागले होते. मी पुढेच होतो, मला ऐकू आलं. ‘सचिव, पोरगं सभासद न्हाई. त्याचं अनुमोदन चालत न्हाई. सांगा की!’

नियम मामांपेक्षा जास्त कुणाला पाठ होते? ते माझ्याकडे बघत होते. मी अजून उभाच होतो.

‘ऱ्हाऊ द्या,’ मामा म्हणाले. ‘पयल्यांदाच उभं ऱ्हायलंय. आता खाली बस म्हणलं, तर पुन्हा उठायचं न्हाई ते.’